तंबाखूवरचा कर आफ्रिकी देशांनी मिळून ठरवावा का?

पारिजात (धागाकर्ती)
पश्चिम आफ्रिकी देशांच्या 'इकोवास' गटाने डिसेंबर २०१७ मध्ये सिगारेटवरच्या कराची किमान पातळी ठरवली: मूल्यावर निदान ५० टक्के, वर प्रत्येक सिगारेटमागे दोन अमेरिकी सेंट. मला हाच मार्ग योग्य वाटतो. एकट्या देशाने कर वाढवायचं म्हटलं की कंपन्या 'शेजारून चोरटा माल येईल' म्हणून अर्थखात्याला घाबरवतात. शेजारीही तेवढाच कर लावणार असेल तर त्या धाकात दम उरत नाही.

खडकवाट
पटत नाही. निर्देश निघाला, पण अंमल ज्याच्या त्याच्या हाती. कित्येक देश त्या दरापर्यंत पोचलेलेच नाहीत. त्यात माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये गटातूनच बाहेर पडले. आपल्याकडे २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी शेजारच्या राज्यांतून येऊन टपरीवर मिळतोच ना? मग साहेलमधल्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या त्या कोरड्या पट्ट्यातल्या, सीमा कोण राखणार?

पारिजात
गुटख्याचं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. दक्षिण आफ्रिकेने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्च ते ऑगस्ट सिगारेटविक्री एकट्याने थांबवली, तेव्हाही काळा बाजार फोफावला. ते तीन देश 'इकोवास' सोडून गेले, पण सीएफए फ्रँक हे सामाईक चलन वापरणाऱ्या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघात आहेतच, आणि त्या संघाचाही तंबाखूकराचा निर्देश आहे. कोर्टकचेरीचंही तेच. केनिया आणि युगांडात एकाच बड्या कंपनीच्या शाखांनी नियमांना आव्हान दिलं; दोन्ही २०१९ मध्ये हरल्या. पुढच्या देशाने पुन्हा पहिल्यापासून पुरावे का गोळा करायचे?

मृगसरी
ओढणाऱ्याबद्दल बोलताय, पिकवणाऱ्याचं काय? मालावीच्या निर्यातीची जवळपास निम्मी कमाई तंबाखूची. अनेकांचं बी-खत उधारीवर. पानं शेडमध्ये टांगून वाळवायची, गाठी बांधून विकायला न्यायच्या, आणि हातात पैसे पडायच्या आधीच उधारी कापली जाते. ओली पानं तोडताना निकोटीन कातडीतून अंगात भिनतं, मळमळतं, चक्कर येते. मालावी २०२३ मध्ये जागतिक तंबाखू नियंत्रण करारात आला, पण दुसरं पीक घेतलं तर ते विकत घेणार कोण? केनियातल्या मिगोरीत शेतकरी तंबाखू सोडून लोहयुक्त घेवड्याकडे वळले, कारण जागतिक अन्न कार्यक्रमासारखा खरेदीदार होता. अशी खरेदी मालावी, झिम्बाब्वे, मोझांबिकने मिळून उभी करावी. नुसत्या कराच्या बाजूने मी नाही.

खडकवाट
खरेदीचं मान्य. पण झिम्बाब्वेच्या तंबाखूचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन. ते दारात उभं असताना हरारेचं सरकार शेजाऱ्यांचं ऐकेल असं मला अजूनही वाटत नाही.