पुन्हा हातात घेतलेली कादंबरी : बडोदेकर वाचकांचे अनुभव

सध्या कोणती कादंबरी वाचताय, आणि दुसऱ्यांदा वाचताना काय हाती लागलं? ‘छान आहे’ एवढ्यावर भागवू नका. कुठे अडतं, कसं सुटतं, ते आपल्या भागाचं नाव देऊन लिहा.

दांडिया बाजार : ‘पण लक्षात कोण घेतो!’ जुन्या प्रतीतून वाचत असाल तर अनुस्वारांना बिचकू नका. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी त्यातले बरेच काढले, पण ते शोभेचे नव्हते. ‘मी गेलें’ यात यमू, म्हणजे गोष्ट सांगणारी नायिका, स्वतः गेली. ‘मीं सांगितलें’ म्हणजे तिनं सांगितलं. ‘मी’वरचा तो एक ठिपका कर्ता कसा आहे ते दाखवतो. पहिली वीसेक पानं मोठ्यानं वाचली की डोळा सरावतो. आणि घाई नको. ही ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आली, एका बैठकीत दीडशे पानं रेटली तर यमूचं बोलणं पाल्हाळिक वाटणारच. रोज दोन प्रकरणं पुरेत.

रावपुरा : दांडिया बाजारकरांचं पटलं, पण गुजराती माध्यमातल्या मुलांना ती आधी देऊ नका. त्यांना ‘बनगरवाडी’ (१९५५) द्या. आटोपशीर आहे, वाक्यं आखूड. मुलं अडतात ती माणदेशी संवादांपाशी. कोश उघडत बसलं की लय तुटते. संवाद मोठ्यानं म्हणून दाखवा, निम्मं आपोआप कळतं. उच्चारात ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन ‘च’ सांगावे लागतात, कारण गुजरातीत एकच आहे. एक पान मोठ्यांनी, एक मुलांनी. पुनर्वाचनात मास्तर गावात येतो ते आणि दुष्काळानं ओस पडलेलं गाव सोडतो ते, ही दोन टोकं लागोपाठ वाचा. फार जीव लावणारं आहे हो ते.

वाडी : ‘कोसला’ (१९६३). ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ खटकून अनेकजण पन्नास पानांत सोडतात. तो ढिसाळपणा नाही, गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकर त्यामागे लपतोय. म्हणून दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग वाचा. आधीचा थट्टेचा सूर तिथे कसा मोडतो, ते वाक्यावाक्याला दिसतं.

मांडवी : ‘रणांगण’ (१९३९). बारीक आहे म्हणून प्रवासात उरकू नका. युरोपहून मुंबईला येणारं जहाज, त्यावर जर्मनीतून हुसकलेले ज्यू. नकाशा शेजारी ठेवा. एकेक बंदर मागे पडतं तसा नायक चक्रधर आणि ज्यू तरुणी हॅर्टा यांच्या हातातला वेळ आटत जातो, ते तेव्हा जाणवतं.