पीक कोणी लिहायचं? ई-पीक पाहणी, मोबाइल आणि नागरिकाचा हक्क

शिवार_औसा

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायची, अशी पद्धत सुरू झाली. त्याआधी हे काम तलाठ्याचं होतं. या बदलाकडे आपण फार तर 'ॲप चालतं का नाही' एवढ्याच नजरेने पाहतो. मला वाटतं, हा लोकशाहीचा प्रश्न आहे आणि त्यावर इथे भांडण व्हावं.

सरकारने करायचं काम नागरिकावर आलं. ते झालं नाही तर भुर्दंडही नागरिकालाच. नोंद नसेल तर हमीभावाने सोयाबीन घालायची नोंदणी अडते, विम्याच्या दाव्यात वाद निघतो, अनुदानाच्या यादीत नाव येत नाही. पीक उभं आहे, गावाला दिसतंय, बांधाला बांध असलेला शेजारी साक्ष द्यायला तयार आहे. पण ॲपवर नोंद नाही म्हणून ते पीक कागदावर नाही.

ज्यांनी कधी नोंद केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खातेदार निवडा, गट नंबर निवडा, हंगाम निवडा. मग पिकाचा वर्ग: निर्भेळ की मिश्र. मग क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख. शेवटी गटात उभं राहून फोटो. तुरीचं आंतरपीक असलेल्या सोयाबीनला किती गुंठे तूर आणि किती गुंठे सोयाबीन लिहायची, यावर शिकलेली पोरंसुद्धा अडतात. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सगळा जिल्हा एकदमच ॲप उघडतो तेव्हा, पडद्यावर गोल चकरी फिरत राहते. दर हंगामात मुदतवाढ द्यावी लागते, यातच सगळं आलं.

तलाठ्याशी वाद घालता येत होता. ग्रामसभेत त्याला उभं करता येत होतं. चकरीपुढे कोणाला उभं करायचं?

कोड_आणि_कापूस

माझं घर यवतमाळ जिल्ह्यातलं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. तुमचा राग समजतो, पण जुन्या पद्धतीचं चित्र तुम्ही फारच गोड रंगवलंय.

जुनी पीक पाहणी कशी व्हायची? बऱ्याच ठिकाणी तलाठी शिवारात पाऊलच टाकायचा नाही. मागच्या वर्षीचं पीक पुढच्या ओळीत उतरवलं की झालं. पडीक रानावर ऊस, उसाच्या रानावर ज्वारी. बँकेला पीककर्जासाठी अमुक पीक हवं असलं की तशी नोंद 'करून मिळायची', आणि ती कशी मिळायची हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ज्याचा वाडा मोठा त्याच्या ओसरीवर बसून दप्तर लिहिलं जायचं. तुम्ही ग्रामसभेत तलाठ्याला उभं करायचं म्हणता. गावकुसाबाहेरच्या दोन एकरवाल्याने कधी केलं होतं?

आज तोच दोन एकरवाला स्वतःचं पीक स्वतः लिहितो. त्याचा शब्द आधी ग्राह्य धरला जातो, पडताळणी नंतर. सरकारी दप्तरात शेतकऱ्याचा शब्द असा पहिला धरला जाणं हा केवढा मोठा बदल आहे, हे मान्य करा. सातबाऱ्याचंच बघा. एका उताऱ्यासाठी सजाला, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयाला, तीन-तीन हेलपाटे पडायचे, आज डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत घरी निघतो. यालाच मी समता म्हणतो.

सुनंदा_माजलगाव

दोघांच्याही बोलण्यात शेतकरी म्हणजे 'तो'. म्हणून लिहिते.

आमच्या बचतगटातल्या बहुतेक बाया रोज रानात असतात. खुरपण, वेचणी, फवारणीचं पाणी, सगळं त्यांच्याकडे. पण सातबारा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी बायकांकडची खाती सुमारे १४ टक्के होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे जमीन बायकोच्या नावावर करण्याची, हाक दिली तेव्हा काही गावांत बायकांची नावं लागली, पण ती चळवळ सगळीकडे पोहोचली नाही.

आता त्यावर मोबाइल येऊन बसला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के निघाले. घरात फोन एक असला तर तो कोणाच्या खिशात असतो हे सांगायला पाहणी लागत नाही. पुण्याला कामाला गेलेल्या नवऱ्याच्या नंबरवर ओटीपी जातो आणि ही बाई बांधावर उभी राहून त्याच्या फोनची वाट बघते. तो कंपनीत पाळीवर असला की फोन जमा. दुपार गेली, दिवस गेला.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हाही हेच झालं. स्वतःच्या आधारनंतर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार टाका, त्यांच्या नंबरवरचा ओटीपी घ्या. नवरा वारलेला, बापही नाही, अशा बाईने काय टाकायचं? सोडून दिलेलीने कोणाच्या दारात जायचं? ओरड झाल्यावर मुदत वाढली, विधवा आणि परित्यक्तांसाठी कागदपत्रं अंगणवाडीत द्यायची सोय झाली. पण ज्याने पहिल्या दिवशी तो फॉर्म बनवला, त्याच्या डोक्यात एकटी बाई आलीच नव्हती. माझा राग त्यावर आहे. दीड हजार रुपये थोडे वाटत असतील पुण्यात. आमच्याकडे त्यात महिन्याचा किराणा भागतो.

कोड_आणि_कापूस

सुनंदाताई, ई-केवायसीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ते काम वाईट होतं.

पण जमीन नावावर नसणं हा ॲपचा दोष कसा? दुसऱ्याचं रान वाट्याने कसणाऱ्या बटाईदाराचंही तेच. कूळ कायदा १९४८ चा. तेव्हापासून मालक कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ देत नाहीत, कारण उद्या तो कूळ म्हणून हक्क सांगेल ही भीती. मोबाइल नव्हता तेव्हाही बटाईदार अनुदानाबाहेरच होता. समाजातली विषमता ॲपमध्ये दिसली म्हणून ती ॲपने आणली असं होत नाही.

राहिला रेंजचा आणि फोनचा प्रश्न. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेतकऱ्यांची मुदत संपली की राहिलेले गट पीक पाहणीसाठी नेमलेल्या सहायकांनी करायचे असतात. सोयी आहेत, त्या राबवा म्हणा.

निवृत्त_महसूल

माझी सगळी नोकरी महसुलात गेली, म्हणून दोन्ही बाजूंचं थोडं सांगतो.

कोड_आणि_कापूस यांनी लिहिलेलं खोटं नाही. एका सजात चार-पाच गावं, त्यात निवडणुकीची कामं, वसुली, पंचनामे, दाखले. प्रत्येक गटात जाऊन पाहणी करणं एका माणसाच्या आवाक्यात नव्हतं आणि बरेच जण जात नव्हते. काहींनी त्यात पैसे खाल्ले, हेही खरं.

पण नियमात एक गोष्ट होती. पाहणीला जाताना गावात आधी कळवायचं, आणि नोंदी गावासमोर यायच्या. सातबारा संगणकीकरणाच्या वेळी आम्ही चावडीवाचन केलं, म्हणजे नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या, तेव्हा किती चुका लोकांनी जागच्या जागी पकडल्या! 'अहो, ती विहीर माझ्या भावाच्या गटात आहे' असं कोणीतरी उठून म्हणायचा, दुसरा दुजोरा द्यायचा, आणि दुरुस्तीची टिपणी तिथेच व्हायची. नोंद ही गावाच्या डोळ्यांदेखत होणारी गोष्ट होती.

ॲपने ती एकट्याची केली. शेतकरी आणि त्याचा पडदा. दहा टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या असं ठरलंय. बाकीच्या नव्वद टक्क्यांत चुकीच्या किती आणि राहिलेल्या किती, हे गावाला कळत नाही. राहिलेल्यांची यादी चावडीवर लागत असेल, असं माझ्या पाहण्यात तरी आलेलं नाही.

सातपुडा_वारा

आधारचा पहिला नंबर २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. म्हणजे देशाच्या डिजिटल ओळखीचा उगम आदिवासी गावात झाला. त्याच जिल्ह्यात वरच्या पाड्यांवर आज काय चालतं? रेशनच्या मशीनला रेंज मिळावी म्हणून दुकानदार ते घेऊन टेकडीवर जातो आणि मागून रांग चढते. दगडमातीची कामं करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात त्यांचा अंगठा लागत नाही. एकदा, दोनदा, पाणी लावून पुसून तिसऱ्यांदा.

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने योजनांसाठी आधार वैध ठरवलं. पाचांपैकी न्यायमूर्ती चंद्रचूड वेगळ्या मताचे होते. बहुमताचा निकाल मी मानतो. पण अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क दिलाय. हक्काला अंगठ्याची अट लागली आणि मशीनला जुळला नाही, तर त्या दिवशी हक्क कुठे गेला? 'उद्या या' असं सांगितलं जातं. उद्याची मजुरी बुडते ती कोण देणार?

कोड_आणि_कापूस

मशीन अडलं तर धान्य नाकारायचं नाही, नोंदवहीवर द्यायचं. असंच व्हायला हवं, त्यात दुमत नाही.

पण दुसरी बाजू कोणी मांडतच नाही. रोजगार हमीची मूळ कल्पना महाराष्ट्राची, वि. स. पागे यांची. त्या योजनेत खोट्या हजेरीपटांनी किती मजुरांचे पैसे खाल्ले गेले ते जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. मनरेगाचे, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीचे, हजेरीपट संकेतस्थळावर आले तेव्हा पहिल्यांदा कोणीही, कुठूनही, गावातल्या कामावर कोणाची नावं आहेत ते बघू शकलं. मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी निघाली हे अशा याद्यांमुळेच उघड झालं. कागदाचं दप्तर कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली साहेबाकडे. उघड डेटा हे गरिबाच्या हातातलं हत्यार आहे. ते टाकून द्यायला निघू नका.

शिवार_औसा

उघड यादीच्या बाजूने मी तुमच्यासोबत आहे. खरं तर माझी मागणीच ती आहे. पण मनरेगाची पुढची गोष्टही सांगा. जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो ॲपवर टाकणं सक्तीचं झालं. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढून मान्य करावं लागलं की भलतेच फोटो आणि फोटोचे फोटो टाकून हजेरी लावली जातेय. म्हणजे चोराने वाट काढली, आणि खरी मजूर बाई मात्र दुपारच्या फोटोसाठी कामावर अडकून पडली. यादी उघडणं हे सरकारवर लक्ष ठेवणं झालं. दोनदा फोटो हे मजुरावर लक्ष ठेवणं. दोन्हीला 'डिजिटल' म्हणतात म्हणून ती एक होत नाहीत.

आता पुन्हा पीक पाहणीवर. जुलै २०२४ मध्ये सरकारने २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असं अर्थसाहाय्य द्यायचं ठरवलं. अट होती ई-पीक पाहणीची. ज्यांनी आदल्या वर्षी नोंद केली नव्हती ते सगळे बाहेर. तेव्हा त्यांना कुठे माहीत होतं की पुढच्या वर्षी या नोंदीवर पैसे मिळणार आहेत! मराठवाड्यात आणि विदर्भात बोंब झाली आणि अट शिथिल करून सातबाऱ्यावरची तलाठ्याची नोंदही चालेल असं सांगावं लागलं. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती.

निवडणूक नसती तर? लाखोंचा प्रश्न होता म्हणून आवाज झाला. एखाद्या गावात सातच जणांची नोंद अडली तर त्यांच्यासाठी कोण ओरडणार? महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं, पहिलं अपील आहे, दुसरं अपील आहे, आयोग आहे. पण ॲप अर्ज फेटाळतच नाही. ते फक्त चालत नाही. फेटाळलं नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून अपील नाही. माझं म्हणणं इतकंच आहे: नोंद करायचा प्रयत्न केला आणि ती झाली नाही, तर त्या प्रयत्नाची तारीख-वेळेसह पोच मिळाली पाहिजे, आणि ती पोच दाखवून तलाठ्याकडे कागदावर नोंद करून घेता आली पाहिजे.

कोड_आणि_कापूस

पोच देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. सर्व्हरपर्यंत विनंती पोहोचलीच नाही तरी फोनवर वेळ आणि ठिकाण साठवून नंतर पाठवता येतं. ही मागणी मी उचलून धरतो.

कागदाची वाट उघडायला मात्र माझा विरोध राहील. ती अपवादाची वाट दोन हंगामांत मुख्य वाट होईल, आणि ओसरीवरचं दप्तर परत येईल. मी लहानपणी वडिलांना त्या ओसरीखाली उभं राहिलेलं पाहिलंय. ते मला परत नकोय.

सुनंदा_माजलगाव

तुमच्या वडिलांना वाड्याच्या ओसरीखाली उभं राहावं लागलं. आमच्या बायांना आज सेवा केंद्राच्या दारात उभं राहावं लागतं, आणि तिथला पोरगा 'फॉर्मचे शंभर द्या' म्हणतो. ओसरी गेलेली नाही, दादा. कागद बंद ठेवून ती जाणार नाही. दोन्ही वाटा उघड्या ठेवा आणि दोन्हींवर गावाची नजर ठेवा.

निवृत्त_महसूल

गावाची नजर म्हणाल तर खरिपाची शेतकऱ्यांची मुदत साधारण सप्टेंबरात संपते आणि २ ऑक्टोबरला बऱ्याच गावांत ग्रामसभा असते. ठरावाचा मसुदा देतो, त्यात आपापल्या गावाप्रमाणे बदल करा:

"चालू खरीप हंगामात ई-पीक पाहणीची नोंद न झालेल्या सर्व गटांची यादी, खातेदाराच्या नावासह, ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी (तलाठ्यांनी) आजपासून सात दिवसांत चावडीवर व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. यादीचे जाहीर वाचन करावे. राहिलेल्या गटांत सहायकाने प्रत्यक्ष जाऊन पाहणी करावी आणि त्यावेळी त्या गटात राबणारी व्यक्ती, मग ती खातेदार असो वा नसो, हजर असल्यास तिचे म्हणणे टिपणीत घ्यावे. ही ग्रामसभा असे ठरवते व ठरावाची प्रत तहसीलदारांकडे पाठवते."

शेवटून दुसरं वाक्य सुनंदाताईंसाठी घातलंय. त्याला गावात विरोध होईल, बटाईच्या भीतीने. तरी मांडा, आणि इतिवृत्तात विरोधासकट लिहून घ्या.