विली क्लॅन्सी सप्ताहाला वाद्य न येणाऱ्याने जावे का?

प्रश्न : जुलैत आयर्लंडमध्ये असेन, तेव्हा क्लेअर परगण्यातील मिलटाउन मालबे येथील विली क्लॅन्सी सप्ताह हा पारंपरिक आयरिश संगीताचा सोहळा पाहावा असे मनात आहे; पण एकही वाद्य न येणाऱ्याने तिथे करायचे काय?

उत्तर १ : मनसोक्त ऐकायचे. क्लॅन्सी याच परिसरातले इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) वादक. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी मित्रमंडळी व गावकऱ्यांनी त्यांच्या नावाने ही उन्हाळी शाळा सुरू केली. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने त्यात हवा भरतात, आणि वादकाजवळ बसून ते पाहण्यातली मजा ध्वनिमुद्रणात नाही.

उत्तर २ : सकाळी वर्ग, रात्री पबमध्ये मैफली. वादन चालू असताना मोठ्याने गप्पा मारू नयेत, एवढे पथ्य पाळा. गाव लहान असल्याने मुक्कामाची सोय मात्र आधीच करावी. न जमल्यास क्लेअरमधलेच मोठे गाव एनिस मुक्कामासाठी गाठावे.