ईयोबाचा ‘बंदिवास’ : तो कैदेत होता कधी?

पाठशोध:
बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं ४२:१० (अध्याय ४२, वचन १०) शब्दाला शब्द लावून वाचलं तर ‘परमेश्वराने ईयोबाचा बंदिवास उलटवला’ असं होतं. पण खास्द्यांच्या टोळ्यांनी पळवले ते त्याचे उंट. ईयोब स्वतः राखेत बसलेला. बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या यहुद्यांसाठीही ‘बंदिवास’च वापरतात. मूळ हिब्रू शब्द एकच आहे का? मराठीत काय लिहावं?

करडा बोरू:
एकच नाही. ‘शवी’ म्हणजे लढाईत पकडून नेणं; त्यात माणसं आली, गुरंही आली. ‘गोला’ किंवा ‘गालूत’ म्हणजे मुलूख सोडून जावं लागणं. ईयोबात आहे तो तिसराच, ‘शूव शवूत’ हा वाक्प्रचार. ‘शवूत’ दिसायला ‘शवी’च्या घरातला, म्हणून बंदिवास आला. पण त्याचं नातं ‘शूव’शी, म्हणजे परतण्याशी, लावणंच बरोबर. सीरियातल्या सफीरे इथल्या इ.स.पू. ८व्या शतकातल्या अरामी कोरीव लेखात हाच प्रयोग आहे: देवांनी वडिलांच्या घराण्याची गेलेली स्थिती परत दिली. शिवाय यहेज्केल १६:५३ मध्ये सदोम नगराचंही ‘शवूत’ परत येतं, आणि सदोम तर जळालं होतं, त्याला कुणी धरून नेलं नव्हतं. सप्तती या हिब्रू बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरानेही ईयोबात कैद आणली नाही. ‘वाढवलं’ असं क्रियापद घातलं. पुढे ७,००० मेंढरांची १४,००० होतात, त्याच्याशी ते जुळतंच.

मी ‘परमेश्वराने ईयोबाचे दिवस पालटले’ असं लिहीन. ‘पालटले’मध्ये मूळ धातूचं वळणही राहतं.

पाठशोध:
मग यिर्मया २९:१४ मध्ये? तिथे तर खरोखरच नेलेले लोक आहेत.

सांजदिवा:
तिथेही ‘तुमचे दिवस पालटीन’ चालतं. त्याच वचनाच्या शेवटी ‘जिथून मी तुम्हाला घालवून दिलं’ असं ‘गोला’च्या धातूचं क्रियापद आहे, त्यामुळे हद्दपारीचा अर्थ हरवत नाही. ‘शवूत’ आणि ‘गोला’ दोन्हींना ‘बंदिवास’ घातलात तर मात्र दोन वेगळे शब्द एकाखाली गाडले जातील.

बाबेलसाठी ‘बंदिवास’ म्हटलं की वाचकाला गज दिसतात. यिर्मयाच्या त्याच २९व्या अध्यायाचं ५वं वचन घरं बांधा, बागा लावा म्हणतं! तुरुंगाला हिब्रूत वेगळा शब्द आहे, ‘बेथ केले’. बाबेलला नेलेला यहूदाचा राजा यहोयाखीन सुटतो तो तिथून (२ राजे २५:२७). म्हणून ‘गोला’ला हद्दपारी, ‘शवी’ला पाडाव. नुसतं ‘देशांतर’ नको, ते राजीखुशीनेही होतं.

करडा बोरू:
‘पाडाव’ला माझा पूर्ण पाठिंबा. स्तोत्र ६८:१८ आणि त्यावरून नव्या करारातल्या, मूळ ग्रीक इफिसकरांस ४:८ इथे ‘बंदिवासाला बंदी करून नेले’ असं केलं की अर्थच लागत नाही. तिथे भाववाचक नाम माणसांच्या जथ्यासाठी आलंय, शास्ते ५:१२ मध्ये सेनानायक बाराकाला म्हटलंय तसंच. ‘पाडाव केलेल्यांचा जथा नेला’ एवढं पुरे. पाडाव केलेल्यासाठीचा ग्रीक शब्द ‘आइख्मालोतोस’ही भाल्याच्या टोकावर पकडलेला असाच आहे, त्यात कोठडी नाही, रणांगण आहे.