मदत हवी आहे: चेंडू गोलरेषेपार गेला होता का, व्हिडिओवरून काढायचंय

पेठेतला_स्ट्रायकर: काल फुटबॉलच्या सेमीफायनलला आमचा गोल नाकारला. चेंडू पूर्ण आत होता, माझ्याकडे व्हिडिओ आहे. किती सेंटीमीटर आत गेला ते काढायचं सूत्र सांगा. उद्या सकाळी ११ ला कमिटीकडे अर्ज द्यायचाय. नियम सांगू नका, पाठ आहे.

भूमिती_सर: व्हिडिओ कुठून काढलाय? चेंडू जमिनीवर होता की हवेत?

रात्रपाळी: २०२२ च्या वर्ल्डकपमधला जपान-स्पेन सामना आठवा. जपानच्या मितोमाने रेषेवरून चेंडू मागे ओढला तेव्हा टीव्हीवर तो सरळ बाहेर दिसत होता. वरून काढलेल्या फोटोत त्याचा फुगवटा रेषेवर होता, म्हणजे चेंडू पूर्ण पार गेला नव्हता, म्हणून त्या पासवरचा तनाकाचा गोल टिकला. डोळ्यांवर जाऊ नका.

पेठेतला_स्ट्रायकर: मोबाईलवर काढलाय, गॅलरीतून. व्हिडिओ थांबवून रेषा ओढली तर चेंडू स्पष्ट आत दिसतो. सूत्र सांगा ना.

भूमिती_सर: गॅलरी कुठली? मध्यरेषेजवळची?

पेठेतला_स्ट्रायकर: हो. चेंडू बारला (गोलच्या वरच्या आडव्या दांडीला) लागून खाली येत होता, गोलकीपरने हवेतच बाहेर मारला.

भूमिती_सर: हे आधी सांगायला हवं होतं. मध्यरेषेकडून पाहिलं तर हवेतला चेंडू जमिनीवरच्या रेषेच्या तुलनेत खऱ्यापेक्षा जास्त आत दिसतो. तुमची ओढलेली रेषा बाद.

जुना_रेफरी: अर्जाचा उपयोग नाही. फुटबॉलच्या नियम ५ प्रमाणे गोल झाला की नाही, यावर रेफरीचा निर्णय अंतिम.

पेठेतला_स्ट्रायकर: निकाल बदला असं म्हणतच नाही. ज्या पोराचा तो शॉट होता तो १७ वर्षांचा आहे, कालपासून जेवला नाही. खरं काय झालं ते त्याला कळलं पाहिजे.



रात्रपाळी: १९६६ च्या वर्ल्डकप फायनलमधला इंग्लंडच्या हर्स्टचा गोल बघा, तोही बारला लागून खाली. १९९६ मध्ये ऑक्सफर्डच्या रीड आणि झिसरमन यांनी जुन्या चित्रफितीवरून हिशोब केला, चेंडू पूर्ण पार गेला नव्हता.

भूमिती_सर: तेच इथे लागेल. एका कॅमेऱ्यातून फक्त दिशा कळते, अंतर नाही. दुसऱ्या कोनातून कोणी काढलंय का?

पेठेतला_स्ट्रायकर: मित्राचा आहे, गोलच्या मागच्या बाजूने. बारच्या आवाजावरून दोन्ही जुळवतो.

भूमिती_सर: आवाजावरून नको. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, एक फोन ७० मीटर लांब असेल तर ०.२ सेकंदांचा घोळ. चेंडू बारला टेकतो ती फ्रेम दोन्हीकडे शोधा. गोल ७.३२ बाय २.४४ मीटर धरू नका, आज मैदानावर टेपने मोजा. पेनल्टी बॉक्सचे कोपरेही. त्यावरून दोन्ही फोनची जागा निघते, मग दोन्ही दिशा जिथे मिळतात तिथे चेंडू. रेषेची मागची कड म्हणजे खांबाची मागची कड. चेंडूचं केंद्र तिच्यापलीकडे ११ सेंटीमीटरहून (चेंडूच्या त्रिज्येहून) जास्त हवं.

रात्रपाळी: व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतील तर सेकंदाला १५ मीटर वेगाचा चेंडू दोन फ्रेममध्ये ५० सेंटीमीटर सरकतो. सर्वात खोलची जागा निसटलेली असू शकते.

पेठेतला_स्ट्रायकर: मित्राचा ६० चा आहे. टेप घेऊन निघालो.

भूमिती_सर: बारची जाडीही मोजा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल वापरू नका, मूळची घ्या.