निराधारचा पगार, २१ हजारांची अट आणि आपलं सगळ्यांचं खोटं

गोदाकाठचा

माझी काकू यंदा पासष्टची झाली. म्हणजे आधार कार्डावर झाली. जन्मतारीख १ जानेवारी. शाळेत न गेलेल्या आमच्याकडच्या निम्म्या बायका १ जानेवारीलाच जन्मल्यात. काका जाऊन अकरा वर्षं झाली. सव्वा एकर कोरडवाहू, तेही सामाईक सातबाऱ्यावर. मुलगा-सून दसरा झाला की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात ते होळीच्या आगंमागं येतात. तोवर दोन नातवंडं काकूच्या गळ्यात.

लाडकी बहीण २०२४ च्या जुलैत सुरू झाली तेव्हापासून काकूला दीड हजार येत होते. केशरी कार्डावर काम भागलं, उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला नाही. पासष्ट ओलांडली नि पैसे थांबले. वयाची अटच २१ ते ६५ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. म्हटलं चला, आता श्रावणबाळचा, म्हणजे पासष्टच्या पुढच्यांना महिन्याला दीड हजार देणाऱ्या योजनेचा अर्ज भरू. तहसीलला गेलो तर तिथं दाखला पाहिजे २१ हजारांच्या आतला. महिन्याचं नाही हो, वर्षाचं. आणि एकट्या काकूचं नाही, सगळ्या कुटुंबाचं.

आता जरा बोटं मोजा. लाडक्या बहिणीच्या घराला वर्षाला अडीच लाखांपर्यंत मुभा. रेशनच्या प्राधान्य कार्डाला खेड्यात ४४ हजार. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळला (गावात दोन्हीला निराधारचा पगारच म्हणतात) २१ हजार. बाई एक, चूल एक, गरिबीची मापं तीन. अडीच लाखांच्या घरात चालणारी बहीण एका रात्रीत म्हातारी झाली, आणि श्रावणबाळाची आई व्हायचं तर तिनं आपलं घर २१ हजारांवर आणून दाखवायचं!

२१ हजार म्हणजे घराला दिवसाकाठी ५७ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती ३१२. त्या दरानं ६७ दिवस काम केलं तर २०,९०४ होतात. अडुसष्टाव्या दिवशी टोपलं उचललं की घर अटीच्या बाहेर. हमी मात्र तेव्हा शंभर दिवसांची होती!

माझं म्हणणं एवढंच की या अटीत खरोखर बसणारं घर मला पंचक्रोशीत दाखवा. आजचे दाखले खोटे आहेत, आणि ते देणाऱ्याला, घेणाऱ्याला, तपासणाऱ्याला माहीत आहेत. पासष्टच्या वरच्यांना उत्पन्नाची अट काढून टाका. काढायची नसेल तर लाडक्या बहिणीएवढी करा. बोला.

चार एकरवाला

बोलतो. पटलं नाही.

आमच्या गावात निराधारचा पगार उचलणारे दोघं असे आहेत की ज्यांच्या दारात ट्रॅक्टर उभं आहे. एकाचा पोरगा पुण्यात कंपनीत आहे, दिवाळीला चारचाकी घेऊन येतो. अट २१ हजारांची असताना हे आत घुसले. उद्या अडीच लाख केली तर काय होईल? अख्खं गाव रांगेत, आणि जिच्या घरात खरंच कुणी नाही ती बाई त्या रांगेच्या शेपटाला. ज्याची वट त्याचं नाव आधी, हे तुम्हाला सांगायला पाहिजे का?

दुसरं. निराधार म्हणजे ज्याला आधार नाही तो. काकूला मुलगा आहे ना धडधाकट? आईला पोसायचं काम त्याचं का शासनाचं? माझी आई ७८ वर्षांची आहे, मी एकदाही तहसीलची पायरी चढलो नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सोयाबीन गंजीसकट वाहून गेलं, राहिलं ते काळं पडलं. हमीभाव ५,३२८ होता म्हणे. कागदाला काय, कागदावर पाऊसही चांगला पडला. तरी आईचं औषध चुकलं नाही.

नांदेडकर मास्तर

चार एकरवाल्यांशी सहमत, थोडी भर घालतो. मुलगा सांभाळत नसेल तर त्याला उपाय आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ पासून आहे. प्रांताधिकाऱ्याकडे साधा अर्ज करायचा, वकील लागत नाही, महिना १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता लावून देता येतो. दीड हजारासाठी तहसीलला खेटे घालण्यापेक्षा हा मार्ग वापरायला हवा. योजना जितक्या वाढतील तितकी मुलं मोकळी होतील. पस्तीस वर्षं शिकवलं, हे बदलताना डोळ्यांनी पाहिलंय.

बालाघाटची लेक

मास्तर, राग मानू नका, पण पोराच्या विरोधात प्रांताकडं अर्ज घेऊन जाणारी एक माय दाखवा मला. आपल्याकडं माय उपाशी निजंल, पण शेजारणीला म्हणंल, पोटभर जेवले गं बाई. ती साहेबासमोर उभी राहून म्हणणार का, माझा पोरगा मला खाऊ घालत नाही? आणि संध्याकाळी जायचं कुठं? त्याच घरात ना!

दादा, तुम्ही म्हणता मुलगा धडधाकट आहे. आहे ना. म्हणून तर मुकादमानं उचल दिली. आमच्या बीडकडं कुणाला विचारा, कोयत्याची कमाई कशाला म्हणतात. आधी पैसा घेतला, तो बहिणीच्या लग्नात नाही तर दवाखान्यात गेला, मग सहा महिने नवरा-बायकोनं तो अंगावरून उतरवायचा. पाऊस लागला, गाडी बंद पडली, बाई आजारी पडली की खाडा. हंगाम संपताना मुकादमाची वही उघडली की फिटली तर फिटली, नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या माथी. आता ही रक्कम उत्पन्न धरायची का कर्ज, ते तहसीलदारांनी सांगावं. दाखल्यात तसा रकानाच नाही.

माझीच गोष्ट सांगते. आईला विधवा म्हणून निराधारचा पगार होता. तरी ती आमच्या संगं फडावर यायची, लेकरं सांभाळायला. एका वर्षी परत आलो तर पगार बंद. काय, तर हयातीचा दाखला दिला नाही. माणूस जिवंत आहे हे सांगायला फडावरून गावाकडं यायचं, म्हंजे खाडा, भाडं, वरून मुकादमाच्या शिव्या. पुन्हा सुरू करायला सात महिने गेले. मागचे पैसे बुडाले ते बुडालेच.

चार एकरवाला

ताई, कोयत्याचं मान्य. उचल उत्पन्नात धरू नये, आपण सह्या करू. पण त्यासाठी अट काढायची गरज नाही, कोयत्यावरच्या घरांना वेगळी सूट द्या. माझा मुद्दा ट्रॅक्टरवाल्यांचा आहे आणि त्याला अजून कुणी हात लावला नाही.

पुण्यात लातूरकर

मी लावतो. ट्रॅक्टरवाला आत कशामुळे आला? अट कडक असल्यामुळेच. सगळ्यांनाच खोटा दाखला काढावा लागतो म्हटल्यावर जो खोटं चांगलं वठवतो तो आधी पोहोचतो. खरी गरीब बाई तलाठ्यासमोर चाचरते, ट्रॅक्टरवाल्याला त्याची सवय आहे. चाळणीची भोकं इतकी बारीक केलीत की धान्यच पडत नाही. जे चाळणीशिवाय टाकलं ते तेवढं आत गेलं.

पासष्टच्या पुढं सरसकट द्या. सरकारी पेन्शनवाले आणि आयकर भरणारे तेवढे वगळा, त्यांच्या याद्या तयार आहेत, तलाठी लागत नाही.

१९७२ चा दुष्काळ आठवा. (मला नाही आठवत, वडील सांगायचे.) नालाबांधाच्या कामावर, खडी फोडायला आलेल्याला कुणी विचारलं का, तुझं उत्पन्न किती? हातात घण घेतला हाच दाखला. सुकडी वाटताना कुणी रेशन कार्ड मागितलं नाही. मराठवाडा त्यावर तगला. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

चार एकरवाला

वीस एकर बागायतवाल्याच्या आईलाही द्यायचे मग?

आणि बहात्तरचं उदाहरण भलतंच दिलंत. तिथं चाळणी होतीच की, उन्हातान्हात खडी फोडायची चाळणी. ज्याला गरज नाही तो येणारच नाही. आता पासष्टीच्या म्हातारीला घण देता का हातात?

पुण्यात लातूरकर

हा शेवटचा बरोबर बसला. घण देत नाही. :)

वीस एकरवाल्याच्या आईला मात्र हो, द्यायचे. तिला दीड हजार गेले तर माझं फार बिघडत नाही. गोदाकाठच्या काकूला गेले नाहीत तर तिचं बिघडतं.

चार एकरवाला

तुमचं बिघडत नाही कारण तुम्ही पुण्यात आहात. पैसा शेवटी कुठल्या तरी डोक्यावरचं टोपलं काढूनच आणतात. लाडक्या बहिणीकडं निधी वळवला म्हणून २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे मंत्रीच जाहीरपणे चिडले होते, आणि ते आपल्या संभाजीनगरचे. त्याच खात्यातून निराधारचा पगार येतो, वसतिगृहं त्याच खात्याची. सरसकट द्यायला लागलात की पोरांच्या वसतिगृहाच्या ताटातली भाजी पातळ होणार.

सज्जावाला

बरेच दिवस नुसता वाचतो. आज राहवलं नाही. मी तलाठी आहे. २०२४ पासून आम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून कुणी म्हणत नाही.

वर सगळ्यांनी खोटा दाखला, खोटा दाखला लावलंय. कसा होतो ते ऐका. अर्जदार स्वयंघोषणापत्र देतो, माझं उत्पन्न इतकं. मी चौकशी करून अहवाल देतो. त्यावर तहसीलदारांच्या सहीनं दाखला निघतो. पुढं गडबड झाली तर विचारणा कुणाला? अहवालावर सही कुणाची, त्याला.

माझ्यासमोर म्हातारी येते. हातात पिशवी, पिशवीत सगळे कागद, त्यात मेलेल्या नवऱ्याचं निवडणूक ओळखपत्रसुद्धा. मुलगा सेंट्रिंगवर जातो, सून रोजानं. दोघांचं मिळून लाखाच्या वर सहज जातं. खरं लिहिलं तर म्हातारीला पगार नाही. खोटं लिहिलं तर नोकरी माझी. गावातला एखादा माहिती अधिकार टाकून बसलेलाच असतो, आणि तो ट्रॅक्टरवाल्यांच्या दाखल्यावर टाकत नाही बरं का. म्हातारीच्याच टाकतो, कारण म्हातारी भांडायला येत नाही.

मास्तर, योजनेनं मुलं मोकळी होतात म्हणालात. मला उलटं दिसतं. पगार चालू असलेल्या म्हातारीला घरात पहिला चहा मिळतो. बंद झाला की सून बदलते. वाईट वाटतं लिहायला, पण रोज बघतो.

दुसरी अडचण दारिद्र्यरेषेच्या यादीची. केंद्राचा वाटा मिळायला त्या यादीत नाव लागतं, यादी २००२ च्या सर्वेक्षणाची. तेव्हा जो गरीब होता त्यानं आता स्लॅब टाकला, तरी तो यादीत. ज्याचं त्यानंतर मोडलं तो बाहेर. आणि तो केंद्राचा वाटा तरी किती? ऐंशीच्या आतल्याला महिना २००. २००७ ला २०० होता, अजून २००. बाकीचं राज्य घालतं.

नांदेडकर मास्तर

सज्जावाले, चहाचं वाचून गप्प बसलो होतो. खरं असेल.

मग मधला रस्ता सुचवतो. दाखला राहू द्या, पण तो एकट्या तलाठ्यावर नको. वर्षातून एकदा ग्रामसभेत सगळी यादी मोठ्यानं वाचा. ट्रॅक्टरवाल्याचं नाव माइकवर आलं की गावच हसेल. तहसीलची समिती पालकमंत्र्यांच्या माणसांची असते, तिला गावातली चूल काय कळणार?

गोदाकाठचा

मास्तर, कल्पना चांगली आहे. आमची ग्रामसभा रजिस्टरात भरते. शिपाई घरोघर जाऊन सह्या आणतो. यादी कुणाला वाचून दाखवणार?

आणि भरली तरी ट्रॅक्टरवाल्याचं नाव आल्यावर हसायची कुणाची टाप आहे? त्याच्याच ट्रॅक्टरनं पेरणी करायची असते. काकूचं नाव आलं तर मात्र चारजण म्हणतील, पोरगा कमावता आहे की.

चार एकरवाल्यांचं एक कबूल करतो. पैसा कुठून, याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण दिव्यांगांचे २०२५ च्या ऑक्टोबरपासून दीड हजाराचे अडीच हजार झाले. तिथं निघालाच ना पैसा?

बालाघाटची लेक

काकूचं आधार बँकेला जोडलंय का ते आधी बघा. आता पैसा थेट खात्यावर येतो. आमच्या वस्तीवर मंजुरी असून तिघींचे अडकले, कारण आधार दुसऱ्याच जुन्या खात्याला जोडलेलं. आणि अंगठा उठतो का तेही बघा, कोयता धरून धरून रेषा गेल्या असतील.

चार एकरवाला

सज्जावाले, एक विचारतो, खरं सांगा. नाव नका सांगू. म्हातारी पिशवी घेऊन येते, तुम्ही खुर्चीत. शेवटी आकडा किती टाकता?

सज्जावाला

तुमचं वाचून आज जुने अहवाल काढले. वीस हजार. जवळपास सगळ्यांना वीस हजार. मुलगा असो, नसो, शेत असो, नसो.

तीन ठिकाणी अठरा आहे. का अठरा लिहिलं, ते बराच वेळ बघत बसलो, आठवलं नाही.