पहिल्या भागाने तोंड पोळलंय, आता सिक्वेल घेताना काय काय तपासता?

व्हिडिओ गेमचा पहिला भाग फसला, दुसऱ्याचा ट्रेलर आला आणि प्रीऑर्डरचं बटण समोर आहे. अशा वेळी "यावेळी धडा घेतला असेल" आणि "परत तेच करणार, लिहून घ्या" ही दोन्ही उत्तरं सारखीच निरुपयोगी. इथे रडगाणी नकोत. काय बघता, कधी बघता आणि त्यावरून काय ठरवता, तेवढं लिहा.

सुरुवात मी करतो. पहिल्या भागात नेमकं काय बिघडलं होतं ते आधी एका वाक्यात लिहून काढा, कारण दोष कोणता यावर पुरावा कधी हाती येणार हे ठरतं. खेळण्याची पद्धतच कंटाळवाणी होती, तर अर्ध्या तासाचं न कापलेलं गेमप्ले फुटेज पुरतं आणि ते बहुधा रिलीजच्या आधी मिळतं. गेम अडखळत होता, क्रॅश होत होता, तर विक्रीला आलेली प्रत कुणीतरी तुमच्यासारख्या मशीनवर चालवेपर्यंत काही कळत नाही. सर्व्हर कोसळत होते, तर पहिला शनिवार-रविवार जाऊ द्या. पैसे उकळण्याचा त्रास होता, तर त्याहून जास्त थांबा. 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड' जून २०१९ मध्ये आला आणि खऱ्या पैशांनी नाणी विकत घ्यायची सोय त्यात ऑगस्टमध्ये घुसवली. तोवर रिव्ह्यू छापून झाले होते.

अर्धवट_क्वेस्ट

रटाळपणाबद्दल लिहितो. सगळ्यात चांगलं उदाहरण 'असॅसिन्स क्रीड'. २००७ च्या पहिल्या भागात प्रत्येक खुनाआधी तीच तयारी: बाकावर बसून बोलणं ऐका, खिसा कापा, एकाला बदडून माहिती काढा. शहर बदलायचं, काम तेच. २००९ च्या दुसऱ्या भागात तो साचाच मोडला. मोहिमा वेगवेगळ्या बेतल्या आणि पैसा कमावून गाव सुधारण्याचा नवा धागा दिला. म्हणजे दोष होता ती जागाच बदलली. सिक्वेलची माहिती वाचताना हेच शोधा. "नकाशा दुप्पट, शस्त्रं तिप्पट" अशी जाहिरात असेल तर सावध व्हा, कारण जे कंटाळवाणं होतं तेच आता दुप्पट मिळणार.

फुटेज बघताना कागदावर क्रियापदं लिहा. एका तासात खेळाडू काय काय करतो? चढतो, लपतो, मारतो, उचलतो. पहिल्या भागाचीही तशी यादी करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. आणखी एक: प्रीव्ह्यूसाठी बहुतेक वेळा सुरुवातीचा तुकडा देतात, आणि सुरुवात सगळ्याच गेमची घासूनपुसून केलेली असते. मधल्या भागाचं फुटेज मिळालं तरच मत बनवा.

फ्रेमटाईम

वरचं पटलं. पीसीवाल्यांसाठी जरा सविस्तर.

सरासरी फ्रेम रेटवर (सेकंदाला पडद्यावर किती चित्रं म्हणजे फ्रेम येतात त्यावर) जाऊ नका. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. मधेच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद खाते तेव्हा हाताला झटका बसतो, सरासरीत मात्र त्याचा मागमूस नसतो. बेंचमार्कमध्ये '१ टक्का लो' (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा वेग) आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख बघा. आलेखात सुळके नकोत.

अडखळण्याची कारणं निरनिराळी असतात आणि इलाजही. पहिलं, शेडर कंपाइल, म्हणजे रंग-प्रकाश काढणारे छोटे प्रोग्राम तुमच्या ग्राफिक्स कार्डासाठी तयार होणं. नवा इफेक्ट पहिल्यांदा पडद्यावर आला की झटका, दुसऱ्यांदा नाही. गेम सुरू होतानाच सगळे शेडर तयार करून घेतले तर हे बरंचसं जातं. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की ते काम पुन्हा होतं, म्हणून ड्रायव्हर आधी अपडेट करा, गेम नंतर उघडा. दुसरं, नवा प्रदेश लोड होतानाचा झटका. तो त्याच दारात, त्याच वळणावर दर वेळी येतो. शेडर आधी तयार करून तो जात नाही, आणि पॅचनेही सहजासहजी जात नाही. व्हिडिओत कुणी एकाच दारातून दोनदा गेलं असेल तर तो तुकडा नीट बघा, निदान तिथेच होतं.

तिसरं, सीपीयूची (मुख्य प्रोसेसरची) मर्यादा. मार्च २०२४ च्या 'ड्रॅगन्स डॉग्मा २' मध्ये शहरात शिरलं की फ्रेम कोसळायच्या, कारण तिथल्या प्रत्येक पात्राचा हिशोब सीपीयूवर होता. रेझोल्युशन उतरवून काही फरक पडेना. ओळखायचं कसं? रेझोल्युशन कमी करा. फ्रेम वाढल्या नाहीत तर नवं ग्राफिक्स कार्ड घेऊनही उपयोग नाही.

आणि सिस्टिम रिक्वायरमेंटचा तक्ता. त्यात फक्त कार्डाचं नाव वाचून खूश होऊ नका. कोणतं रेझोल्युशन, किती फ्रेम, कोणता प्रीसेट (ग्राफिक्सच्या तयार सेटिंग्जचा संच) आणि अपस्केलिंग (कमी रेझोल्युशनचं चित्र मोठं करणं) किंवा फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेममध्ये बनवलेल्या फ्रेम घुसवणं) चालू धरलंय का, या चारही गोष्टी हव्यात. १०८० ला 'क्वालिटी' अपस्केलिंग म्हणजे आत गेम ७२० वरच चालतो. 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'च्या शिफारशीत १०८० वर ६० फ्रेम लिहिल्या होत्या, त्या फ्रेम जनरेशन धरून. म्हणजे खऱ्या फ्रेम साधारण ३० आणि हाताला लागणारा प्रतिसादही तेवढाच. हे बारीक अक्षरात असतं, पण असतं.

परतावा_हवा

@फ्रेमटाईम, शेडरवरून आठवलं, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचा रिफंड. अट सगळ्यांना पाठ असते: खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याची वेळ २ तासांच्या आत. विसरतात ते हे की शेडर कंपाइल होत असताना गेम चालूच असतो, म्हणून तो वेळही या दोन तासांत धरला जातो. मेन्यूत बसून चहा प्यायलात तर तोही.

त्यामुळे दोन तास कसे वापरायचे ते आधी ठरवा. पहिली दहा मिनिटं सेटिंग्ज. पात्राचं नाक-डोळे घडवण्यात वेळ घालवू नका, तयार चेहरा घ्या आणि पुढे चला. (ड्रॅगन्स डॉग्मा २ ने पात्र घडवायचं साधन रिलीजच्या आधी वेगळं आणि फुकट दिलं होतं. असं काही मिळालं तर हौस तिथे फेडा.) प्रस्तावनेचा भाग बहुधा अरुंद वाटांचा असतो आणि तो गुळगुळीतच चालतो. पहिलं मोठं मैदान किंवा शहर गाठेपर्यंत निकाल देऊ नका, आणि ते दीड तासात गाठता आलं पाहिजे. तिथे पोचायला किती वेळ लागतो ते एखाद्या स्ट्रीममध्ये आधी बघून ठेवा.

महाग आवृत्तीत तीन-चार दिवस आधी खेळायला मिळतं, त्याचीही मेख आहे. एप्रिल २०२४ पासून स्टीमवर तो खेळलेला वेळही दोन तासांत मोजतात. जीओजी या दुकानात ३० दिवस आहेत, डाउनलोड करून खेळलात तरी. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू झालं की गेम सदोष असल्याशिवाय सहसा पैसे परत नाहीत, म्हणून प्रीऑर्डर केलीच असेल तर ऑटो-डाउनलोड बंद ठेवा.

कुंडी_आणि_पॉलिगॉन

माझा भर टीमवर असतो. नावाजलेला स्टुडिओ म्हणजे तीच माणसं असं समजू नका. पहिल्या भागाची श्रेयनामावली काढा आणि डायरेक्टर, लीड डिझायनर, टेक्निकल डायरेक्टर या तीन जागा सिक्वेलशी ताडून बघा. 'ब्लडलाइन्स २' २०१९ मध्ये जाहीर झाला, २०२१ मध्ये मूळ स्टुडिओ काढला, आणि २०२५ मध्ये आला तो दुसऱ्याच स्टुडिओचा. अशा वेळी २०१९ चे ट्रेलर पुरावा म्हणून बाद.

बदल चांगल्यासाठीही होतो. 'फायनल फँटसी १४' हा ऑनलाइन गेम सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि आपटला. डिसेंबरमध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली. त्यांनी जुना गेम डागडुजी करत चालू ठेवला, शेजारी नवं इंजिन (गेम ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर) बांधलं, नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद केले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये 'अ रेल्म रीबॉर्न' आणला. जुन्यात एका फुलझाडाच्या कुंडीवर खेळाडूच्या पात्राइतके पॉलिगॉन (त्रिमितीय आकार ज्यांनी बनतो ते सपाट तुकडे) खर्च केले होते, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. "दर्जा सुधारू" एवढ्यावर थांबणारा स्टुडिओ आणि कुंडीपर्यंत पोचणारा स्टुडिओ यांत फरक आहे. डेव्हलपरच्या मुलाखतीत चूक किती नेमकी सांगितलीय ते बघा.

अर्धवट_क्वेस्ट

@कुंडी, यात हार्डवेअरचाही मुद्दा आहे. वी कन्सोलवरचा 'रेड स्टील' (२००६) तलवारीसाठी घ्यायचा आणि हात हलवला की ठरावीक वार व्हायचे, कारण त्या रिमोटला मनगटाचं वळण नीट कळतच नव्हतं. २०१० च्या दुसऱ्या भागाने हालचाल नेमकी टिपणारी मोशनप्लस ही रिमोटची जोडणी सक्तीची केली आणि तलवार हाताबरोबर फिरायला लागली. मूळ कारणच गेलं.

लॉबीत_एकटा

सगळे "थांबा, थांबा" म्हणताहेत. एकट्याने खेळायच्या गेमला ठीक. ऑनलाइन गेममध्ये थांबण्याचीही किंमत असते. 'टायटनफॉल' (२०१४) वर मोठी तक्रार म्हणजे एकट्याने खेळायची मोहीम नाही. २०१६ च्या दुसऱ्या भागात ती आली आणि उत्तम आली. पण रिलीज २८ ऑक्टोबरला, 'बॅटलफिल्ड १' नंतर एका आठवड्याने आणि नव्या 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या एक आठवडा आधी. गेम सुधारला, खेळाडू मात्र दुसरीकडे गेले. म्हणून ऑनलाइनसाठी माझा हिशोब: पहिल्या महिन्यात घ्या, नाहीतर घेऊच नका. आधी शेजारच्या तारखा बघा आणि दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवरच्या किंवा पीसीवरच्या लोकांशी खेळता येतं का तेही बघा. येत असेल तर लॉबी (जिथे सोबतीला खेळाडू मिळतात) जास्त टिकते.

एकट्याने खेळतानाही ऑनलाइन लागतं का, हे तर आधीच तपासा. 'पेडे ३' या दरोड्यांच्या गेममध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये मॅचमेकिंग (खेळाडूंना एकत्र जोडणारी यंत्रणा) कोलमडलं आणि एकट्याने दरोडा घालणाऱ्यांनाही बाहेर बसावं लागलं. बीटा (रिलीजआधीची चाचणी) नीट चालला म्हणून पहिल्या दिवसाचा भार पेलेल असं नाही.

आर्केड_मोड_कुठाय

पहिल्या दिवशी कोणते मोड मिळणार त्याची यादी दुकानाच्या पानावरून घ्या, मुलाखतीतून नको. 'स्ट्रीट फायटर ५' (२०१६) आर्केड मोडविना (एकट्याने एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांशी लढायच्या मोडविना) आला, तो मिळाला जानेवारी २०१८ मध्ये. सहाव्या भागात पहिल्याच दिवशी होता. पानावर "लवकरच" लिहिलेलं सगळं खोडा, उरतं ते विकत घेताय.

परतावा_हवा

'सायबरपंक २०७७' चं काय? आता चांगला चालतो म्हणून पुढच्या भागावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का?

कुंडी_आणि_पॉलिगॉन

नाही. डिसेंबर २०२० मध्ये तो आला आणि आठवड्यात प्लेस्टेशन स्टोअरवरून उतरवला. २.० अपडेट सप्टेंबर २०२३ मध्ये. यातून सिद्ध होतं ते एवढंच, की हा स्टुडिओ विकल्यावर दुरुस्ती करतो आणि मनापासून करतो. पहिल्या दिवशीच्या प्रतीबद्दल यात काही नाही. शिवाय पुढचे गेम ते स्वतःचं इंजिन सोडून अनरियल ५ वर करताहेत, म्हणजे जुन्या इंजिनावर शिकलेल्या युक्त्या बऱ्याच अंशी मागे राहणार.

त्या वेळी आणखी एक खूण उघड दिसत होती. रिलीजआधी रिव्ह्यूसाठी दिल्या त्या फक्त पीसी प्रती, आणि खरी रड जुन्या कन्सोलवर होती. रिव्ह्यूची ओळ वाचायच्या आधी "कशावर खेळून लिहिलंय" ते शोधा. तुमच्या कन्सोलचा एकही रिव्ह्यू रिलीजच्या सकाळपर्यंत नसेल तर पाकीट बंद.

फ्रेमटाईम

+१. स्टीमवर रिलीजनंतर एकूण रेटिंगपेक्षा गेल्या ३० दिवसांचं रेटिंग बघा आणि रिव्ह्यूंना खेळलेल्या तासांची चाळणी लावा. पहिल्या तासाभरातले शिव्याशाप बहुतेक क्रॅशचे असतात, ते पॅचने जाऊ शकतात. २० तासांनंतर "नको" म्हणणारे डिझाइनवर बोलत असतात. पहिल्या भागाच्या पॅचच्या नोंदीही वाचा: रिलीजनंतर किती महिने पॅच येत राहिले, त्यांत नुसतेच क्रॅश बुजवले की अख्खी यंत्रणा बदलली. सिक्वेल बिघडलेला आला तर तुमच्या वाट्याला साधारण तेवढीच मेहनत येणार.